घरातली बंदूक कायद्याने कुणाची, आणि ती ठेवायची कशी?

शस्त्र परवान्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: शस्त्र आणि काडतुसे सुरक्षित ठेवण्याची तुमच्याकडे काय सोय आहे? पुष्कळ जण तिथे ‘लोखंडी कपाट’ एवढेच लिहून पुढच्या रकान्याकडे वळतात. परवाना हातात आला की तो प्रश्न मागे पडतो आणि बंदूक घरच्या सामानात मिसळून जाते. कुणाकडे ती माळ्यावर चढते, कुणाकडे मागच्या खोलीत खुंटीला लागते, कुणाकडे गादीखाली जाते. मग कधीतरी बातमी येते. तिच्यात बंदूक परवान्याची असते, मालक सरळमार्गी असतो, आणि चाप ओढणारा हात मात्र घरातल्या दुसऱ्याच कुणाचा असतो, कधी एखाद्या लहान मुलाचा. अर्जातल्या त्या एका रकान्यात कायद्याला नेमके काय अपेक्षित आहे, ते इथे समजून घेऊ.

भारतात हा सगळा विषय १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे शस्त्र नियम यांत येतो. २०१९ मध्ये अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनवर आल्या, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. कायदा केंद्राचा असल्याने महाराष्ट्र असो की गोवा, नियम तेच. फरक फक्त परवाना देणाऱ्याचा. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त परवाना देतात, इतरत्र जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी.

कपाटाचा पत्रा किती जाड हवा, कुलूप कोणत्या प्रतीचे हवे, असे मोजमाप घरगुती परवानाधारकासाठी या कायद्यात नाही. काही देशांत ते आहे. जर्मनीत जुलै २०१७ पासून नवी तिजोरी घ्यायची तर ती ठरावीक युरोपीय मानकाची, तपासून शिक्का मारलेलीच लागते. आपल्या कायद्याचा रस्ता वेगळा आहे. तो अर्जदाराकडून सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी घेतो, शस्त्र सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यायला लावतो (त्या प्रशिक्षणात साठवण आणि वाहतूक हे विषय आहेत), परवान्यावर अटी छापतो, आणि पुढची सगळी जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकतो. मोजमाप नाही म्हणून सूट आहे असे अनेकांना वाटते. माझ्या मते उलट आहे. पत्र्याची जाडी लिहिलेली असती, तर तेवढे कपाट आणून माणूस मोकळा झाला असता. ती पळवाट इथे नाही.

परवाना घराचा नसतो

आपल्याकडे ‘आमच्या घरात बंदूक आहे’ असे म्हणायची पद्धत आहे. आजोबांची बंदूक, देसायांच्या वाड्यातली बंदूक. कायद्याला घराची बंदूक ठाऊक नाही. अधिनियमाचे कलम ३ सांगते की परवान्याशिवाय कुणालाही बंदूक जवळ बाळगता येणार नाही. परवाना एका माणसाचा असतो. त्याची बायको, मुलगा, भाऊ, गडी यांचा त्या बंदुकीशी कायद्याने काहीही संबंध नाही. याच कलमात एक छोटी सवलत आहे: दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसरा माणूस ती नेऊ शकतो, पण परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. शेतीसंरक्षणासारख्या परवान्यावर आणखी कुणाचे नाव वापरणारा म्हणून अधिकृतपणे नोंदले असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. बाकी कुणालाही नाही.

साठवणुकीचा सगळा नियम यातूनच निघतो. बंदूक अशी ठेवायची की परवानाधारकाखेरीज घरातल्या कुणाच्याही हाती ती लागू शकणार नाही. चोराच्या तर नाहीच, पण मुलाच्या, सुनेच्या, पाहुण्यांच्याही नाही.

इथे ताब्याचा मुद्दा येतो. वडील चार दिवस नाशिकला गेले आणि बंदूक घरी राहिली, तर ती कुणाच्या ताब्यात? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या एका निकालात म्हटले आहे की ताबा म्हणजे शस्त्र प्रत्यक्ष हातातच हवे असे नाही. ज्याची त्यावर सत्ता आणि नियंत्रण आहे, त्याचा तो ताबा. म्हणजे कुलपाची किल्ली वडिलांच्या खिशात असेल, तर नाशिकला असूनही बंदूक त्यांच्याच ताब्यात आहे. पण जाताना त्यांनी किल्ली मुलाला दिली, ‘असू दे, रात्रीबेरात्री लागली तर’ म्हणून, तर नियंत्रण मुलाकडे गेले आणि मुलाकडे परवाना नाही. मुलावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा आरोप येऊ शकतो. वडीलही सुटत नाहीत, कारण ज्याला शस्त्र ठेवण्याचा हक्क नाही त्याच्या हवाली ते करणे हा कलम २९ खाली वेगळा गुन्हा आहे.

म्हणून मी किल्लीला कपाटापेक्षा जास्त महत्त्व देतो. दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेली, देवाच्या पाटाखाली सरकवलेली, ‘सगळ्यांना माहीत आहे कुठे असते ती’ अशी किल्ली असेल, तर कपाट कितीही भक्कम असले तरी बंदूक उघड्यावरच आहे.

कपाट, कुलूप आणि काडतुसे

ज्या कपाटात साड्या, दागिने, शाळेचे दाखले आणि बँकेची पासबुके असतात, ते दिवसातून दहादा उघडते. तिथे बंदूक ठेवायचीच असेल तर आतल्या लॉकरला वेगळे कुलूप हवे आणि त्याची किल्ली फक्त परवानाधारकाकडे. लांब नळीची बंदूक लॉकरमध्ये मावत नाही, तिच्यासाठी उभी लोखंडी पेटी करून घ्यावी आणि ती भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की बसवावी. सुटी पेटी दोन माणसे उचलून नेतात, कुलूप नंतर निवांत फोडतात. पेटी दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी नको. बारा बोअरची सिंगल किंवा डबल बॅरल असेल तर ती मोडून नळ्या, दस्ता आणि पुढची लाकडी मूठ सुटी करता येते. तशी सुटी करून ठेवली तर जागाही कमी लागते आणि कुणाच्या हाती एखादा भाग लागला तरी त्याने गोळी झाडता येत नाही.

काडतुसे दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात. ही सोय करायला फार खर्च येत नाही, पण तिचा उपयोग मोठा आहे. कारण एक कुलूप उघडे राहण्याची चूक कुणाकडूनही होते; दोन जागी, एकाच दिवशी, एकाच वेळी ती सहसा होत नाही.

आणि बंदूक रिकामी करूनच ठेवायची. हे वाक्य सगळ्यांना पाठ असते, तरी पिस्तुलाच्या बाबतीत जाणत्या माणसांकडूनही चूक होते. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा सुटा होणारा डबा, काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही. एक गोळी आत, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसलेली असू शकते, आणि मॅगझिन हातात घेऊन ‘रिकामे आहे’ म्हणणाऱ्यांच्याच हातून ती सुटते. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे, बोट घालून चाचपायचे. हा क्रम उलटा केला तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक घर मोजायचे.

यावर एक रास्त शंका येते. परवाना स्वसंरक्षणासाठी मिळाला आहे, आणि रात्री दोन वाजता दार फोडले तर दोन कुलपे उघडत बसायचे का? जिवाला खरा धोका आहे असे पोलिसांनीच मान्य करून परवाना दिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. त्याला सोयीचा मार्ग म्हणजे अंकांनी किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी लहान पेटी, पलंगाजवळ पक्की बसवलेली. ती क्षणात उघडते आणि फक्त त्यालाच उघडते. उशीखालचे पिस्तूल मात्र मला कोणत्याही कारणासाठी पटत नाही. झोपलेल्या माणसाचे कशावरही नियंत्रण नसते, आणि सकाळी तो अंघोळीला गेला की ती उशी घरातल्या सगळ्यांची असते.

ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: लपवणे म्हणजे ठेवणे नव्हे. माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे, बाबा फटाके दिवाळीआधी कुठे दडवतात, आईची कपाटाची किल्ली कुठल्या डब्यात असते, हे मुलांना नेहमी माहीत असते. ‘त्याला ठाऊकच नाही की आपल्याकडे बंदूक आहे’ असे म्हणणाऱ्या आईबापांवर विसंबू नका, स्वतः ते असलात तरी.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाचे मन. कुणी खोल नैराश्यात असेल, दारू हाताबाहेर गेली असेल, भाऊबंदकी हमरीतुमरीवर आली असेल, तर त्या काळात बंदूक घरात असू नये. नियमांत यासाठी वाट आहे. परवाना चालू असतानाही शस्त्र सुरक्षित ठेवीसाठी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते आणि नंतर परत घेता येते. यात कमीपणा नाही, परवान्याला धक्का लागत नाही. लांबच्या प्रवासाला किंवा परगावी मुलाकडे काही महिने राहायला जातानाही हीच सोय वापरावी. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते.

कोकणातली ठासणीची बंदूक

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या डोंगराळ भागात शेतीसंरक्षणाचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रानडुकरे, वानरे, माकडे यांनी भात आणि बागायती उद्ध्वस्त करण्याचे दुःख शहरात बसून कळणार नाही, आणि या शेतकऱ्यांना उठसूट गुन्हेगार समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण या बंदुकांची एक अडचण आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरलेले असतात. काडतुसाच्या बंदुकीसारखे ते झटकन काढता येत नाहीत. रात्री राखणीला गेलेला माणूस बार न काढता पहाटे घरी येतो, भरलेली बंदूक पडवीच्या कोपऱ्यात उभी करतो आणि झोपतो. उद्या परत लागणारच आहे, असा विचार असतो.

तो कोपरा हीच सगळ्यात धोक्याची जागा. निदान केप (घोड्याखालची, ठिणगी पाडणारी लहान टोपी) काढून ती वेगळी, कुलपात ठेवावी, म्हणजे घोडा पडला तरी ठिणगी मिळणार नाही. पण खरा उपाय एकच, बंदूक शेतात गेल्यावरच भरायची आणि शेतातच रिकामी करून आणायची. दारू आणि केपा घरात चुलीपासून, दिव्यापासून लांब, आणि एकमेकींपासूनही लांब.

आणखी एक. शेतीसंरक्षणाचा परवाना शिकारीचा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्या जागी पूर्णपणे लागू असतो.

पावसाळ्याबद्दलही सांगितले पाहिजे, कारण पुस्तकी सल्ले कोरड्या हवेत लिहिलेले असतात. चामड्याच्या म्यानात किंवा कापडी खोळीत बंदूक चार महिने ठेवली तर चामडे ओल धरते आणि नळीला गंज चढतो. खोळ प्रवासापुरती. घरात बंदूक तेलाचा हलका हात देऊन उघडी, पण कुलपात ठेवावी. जुनी कागदी काडतुसे ओलाव्याने फुगतात आणि नळीत अडकतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात. फुगलेले काडतूस ठोकून बसवू नका, शस्त्रविक्रेत्याला दाखवा.

हिशेब, हरवणे आणि निवडणूक

एका वेळी किती काडतुसे घेता येतील आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेले असते. आपली एक वही ठेवावी: कधी किती घेतली, किती वापरली, किती शिल्लक. नूतनीकरणाच्या वेळी विचारणा झाली की ही वही कामी येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखादे काडतूस कमी झाले तर ते लगेच लक्षात येते.

कमी झाले तर? परवान्याची अट स्पष्ट आहे: शस्त्र किंवा दारूगोळा हरवला अथवा चोरीला गेला, तर जवळच्या पोलीस ठाण्यात तत्काळ कळवायचे. भीतीने लोक आठवडा घालवतात, घरातल्या घरात शोधतात, नातेवाइकांवर संशय घेतात. तेवढ्या दिवसांत ती बंदूक कुठे वापरली गेली तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल, आणि हातात तक्रारीची प्रत नसेल.

निवडणुका लागल्या की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. पूर्वी सरसकट सगळ्यांनाच जमा करायला लावत. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे सरसकटीकरण नाकारले आणि प्रत्येक परवानाधारकाचा विचार छाननी समितीने करावा, अशी पद्धत घालून दिली. ज्यांना जमा करण्याची नोटीस येते त्यांनी मात्र ती पाळलीच पाहिजे. जमा करताना पावती घ्या, आणि निकालानंतर शस्त्र परत आणायला विसरू नका.

चूक झाली तर काय होते, तेही थोडक्यात. परवान्याची अट मोडली आणि त्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा नसेल, तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचून कुणाला हलके वाटेल. पण कलम १७ खाली याच कारणाने परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. आणि निष्काळजीपणातून कुणाचा जीव गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. लग्नात, वरातीत हवेत बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी आपापल्या जागेचा कायदा पाहावा, कारण अमेरिकेत तो राज्यागणिक बदलतो. मॅसॅच्युसेट्समध्ये वापरात नसलेली बंदूक कुलपात किंवा कुलूपबंद साधनासह ठेवणे सक्तीचे आहे. टेक्सासमध्ये तशी सरसकट सक्ती नाही, पण सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर तो गुन्हा ठरतो.

माणूस गेल्यावर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. परवानाधारक वारला की त्याचा परवाना संपतो. बंदूक तेराव्यापर्यंत, वर्षश्राद्धापर्यंत, वाटणी होईपर्यंत कपाटात तशीच राहते, आणि कुटुंबातल्या कुणाच्याही मनात वावगे नसताना ते घर विनापरवाना शस्त्राचे होते. अधिनियमाचे कलम २१ सांगते की ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. मुदत संपलेल्या परवान्यालाही हेच लागू आहे, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधीच द्यावा.

जमा केले म्हणजे गमावले असे नाही. कायदेशीर वारसाला ते ठरावीक मुदतीत परत मिळवता येते, मात्र आधी त्याने स्वतःच्या नावाचा परवाना काढायला हवा. वय एकवीस पूर्ण हवे, इतर वारसांची ना-हरकत लागते, आणि दोन शस्त्रांची मर्यादा वारशालाही आहे. परवाना नको असेल तर परवाना असलेल्याला ते विकताही येते. परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. ज्यांच्या घरी वृद्ध परवानाधारक आहेत त्यांनी ही वाट जरूर धरावी.

भिंतीवर शोभेला लावलेल्या पणजोबांच्या बंदुकीलाही हे लागू होऊ शकते. जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जिच्यातून गोळी सुटणार नाही अशाच बंदुकीला. ‘चालत नाही’ एवढे पुरत नाही. शंका असेल तर ती उतरवून तपासून घ्या.

आणि शस्त्र जमा करायला जाल तेव्हा मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बंदूक आणि उरलेली सगळी काडतुसे एकदमच न्या. आदल्या दिवशी ठाण्याला फोन करून कळवा, नेताना बंदूक रिकामी आणि खोळीत असू द्या. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे का, हे ठाण्यातून बाहेर पडण्याआधी वाचून पाहा.